घड्याळबाईंचे कान

माझी आत्या घड्याळं दुरुस्त करते आणि भांडते. दोन्ही कामं ती मन लावून करते आणि दोन्हींत तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. तिची गोष्ट सांगायला बसलं की मला धीर धरवत नाही, शेवट आधी सांगून टाकावासा वाटतो. पण तसं केलं तर ती मलाच ओरडेल, की अगं, आधी मागचं झाकण काढायचं असतं. म्हणून झाकणापासून सुरू करते.

आमचं घर तांबटांचं. आजोबा, बाबा, बाबांचे काका, सगळे तांब्याची भांडी घडवणारे. तापवलेला पत्रा आधी वाकवायचा आणि मग हातोडीनं त्यावर एकाला एक लागून ठोके मारत जायचं, त्याला मठारणं म्हणतात. मठारणाऱ्या माणसाशेजारी थोडा वेळ उभं राहून बघा, कानठळ्या बसणं म्हणजे काय ते कळेल. आमच्याकडे ऐन उमेदीत माणसांचे कान जायचे आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. उलट मिरवायचे! "अजून ऐकू येतंय तुला? मग काम काय केलंस इतकी वर्षं?" असं बाबा त्यांच्या चुलतभावाला भर रस्त्यात विचारायचे.

आत्या बाबांची धाकटी बहीण. ती परकरातच होती तेव्हा तिनं घरात जाहीर केलं, की मला माझे कान हवेत, मी हातोडीला शिवणार नाही. आणि ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे घड्याळजी बसायचे, त्यांच्याकडे जाऊन काम शिकली. ते थकल्यावर दुकान तिच्याकडे आलं. दुकान कसलं, एक मोठं कपाट म्हणा. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला भिंग, आणि तिन्ही भिंतींवर घड्याळं. जगातला सगळ्यात शांत धंदा निवडलाय मी, असं ती म्हणायची. घड्याळ कानाशी धरायची आणि टिक आणि टिकमधलं अंतर सारखं नसलं तर म्हणायची, "हे लंगडतंय." सगळं गाव तिला घड्याळबाई म्हणतं. लग्न तिनं केलं नाही. कुणी कारण विचारलं तर, "वेळ नाही मिळाला," असं भिंतीकडे बोट दाखवून सांगते.

बाबा रोज संध्याकाळी भट्टी विझवून तिच्या दुकानात चहाला जायचे. आणि मग रोजचं भांडण.

"दादा, त्या हातोडीनं तुझे कान खाल्ले."

"काय?"

"हेच! हेच म्हणतेय मी!"

बाबा चिडायचे, की हातोडीला नावं ठेवायची नाहीत, तिनं आपल्याला वाढवलंय. ती म्हणायची, तुला वाढवलं असेल, मला माझ्या कानांनी वाढवलं. मी लहानपणी हे भांडण इतक्यांदा ऐकलं, की दोघांच्या दोन्ही बाजू मला पाठ होत्या.

आमच्या घरची दुसरी खूण म्हणजे भट्टीचं पित्त. दिवस कलला, बाहेरची गार हवा लागली, की दंडांवर, मांड्यांवर लाल चट्टे उठायचे. गुडघे ठणकायचे, अंग कढत व्हायचं, डोळे तिखट गेल्यासारखे लाल व्हायचे. सकाळपर्यंत सगळं निवळायचं. दिवसभर गरम भट्टीपुढे बसायचं आणि एकदम गारठ्यात यायचं, मग पित्त उठणारच, असं सगळे म्हणायचे. भट्टीजवळ न बसणाऱ्या बायकांनाही ते उठायचं. आत्याला उठायचं. मला तर पाळण्यापासून. पण एवढा खोल विचार कोण करतो? माझा नवरा रंगारी आहे, घरांच्या भिंती रंगवतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं मला हळूच विचारलं, "तुमच्याकडे सगळे आत्ताच रडून आल्यासारखे का दिसतात गं?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग आम्हाला मुलगी झाली. जन्मल्यावर लगेच तिच्या अंगावर लाल चट्टे. बाबांचा आनंद पोटात मावेना. "भट्टीतून उडालेली ठिणगीच की ही!" ते ओरडले आणि ठिणगी हेच नाव पडलं. शाळेतलं नाव फक्त शाळेला माहीत आहे. ठिणगीला सारखा ताप यायचा, संध्याकाळी ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. दोन-तीन डॉक्टर झाले, सगळ्यांनी पित्तावरच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला झोप छान यायची, चट्टे तसेच. आपल्या घरचंच आहे, असं म्हणून आम्ही मोकळे व्हायचो.

मी कपडे शिवण्याच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी लावते. त्यामुळे शाळा सुटली की ठिणगी आत्याच्या दुकानात. तिथे तिचं शिक्षण चालायचं. आत्या दुरुस्त केलेलं घड्याळ तिच्या कानाला लावायची.

"चालतंय की बंद?"

"चालतंय."

"सरळ की लंगडं?"

"सरळ, आत्याआजी."

पोरीचं उत्तर कधी चुकायचं नाही. गिऱ्हाइकं कौतुकानं बघत उभी राहायची. "कान लहानपणीच तयार करावा लागतो," आत्या ऐटीत सांगायची.

आता झाकण निघालं. आता यंत्र.

एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत, शिस्तीच्या आणि फटकळ. त्यांच्या आईचं मनगटी घड्याळ त्यांनी आत्याकडे दिलं होतं. नखाएवढं यंत्र, आवाज म्हणाल तर मुंगीनं पाय आपटावा तेवढा. आत्यानं ते दुरुस्त केलं आणि मागचं झाकण लावायच्या आधी ठिणगीच्या कानाला लावलं.

"बंद," ठिणगी म्हणाली.

आत्यानं भिंगातून बघितलं. आतलं चाक झुलत होतं, लखलख. तिनं दुसऱ्या कानाला लावलं.

"बंदच आहे, आत्याआजी."

मोठं पुरुषांचं घड्याळ लावलं. "चालतंय!" पुन्हा ते छोटं लावलं. "बंद."

आणि माझ्या आत्यानं भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं. हे गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या मोठ्या पोरीला कडेवर घेऊन ती थेट माझ्या कारखान्यात, मशिनींच्या रांगेतून माझ्यापुढे.

"सुई ठेव. दवाखान्यात चल."

"काय झालं?"

"हिला बारीक आवाज येत नाहीत."

"तुला कसं कळलं?"

"कळलं. ऊठ."

वाटेत बाबाही भेटले. बहिणीचं शटर खाली दिसल्यावर कुणीतरी गेलं असं समजून ते हातोडीसकट धावत सुटले होते. ती हातोडी ते दवाखान्यातही मांडीवर घेऊन बसले.

मोठ्या दवाखान्यात कान तपासायची काचेची खोली असते. ठिणगीला आत बसवलं, कानांवर यंत्र घातलं, आवाज आला की हात वर कर म्हणाले. कागदावर रेघ उमटली आणि बारीक आवाजांच्या बाजूला ती खाली घसरली. थोडीशीच, पण घसरली. कान तपासणाऱ्या भाऊंनी पोरीचे दंड बघितले, एव्हाना चट्टे उठायला लागले होते, आणि त्यांनी शेजारच्या खोलीतून लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

त्या आल्या. तरुण, बाह्या वर सरकवलेल्या, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी दंड बघितले, डोळे बघितले, गुडघे दाबले.

"हे रोज होतं?"

"रोज संध्याकाळी."

"थंडीत जास्त?"

"हो."

"घरात आणखी कुणाला?"

मी बाही वर केली. बाबांनी केली. आत्यानं केली. टेबलावर चार दंड ओळीनं, चारही लाल. डॉक्टरीणबाईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि त्यांचा आवाज बदलला. "घरात कमी कुणाला ऐकू येतं?"

बाबांना ऐकू गेलं नाही. मी कानात ओरडले. तेव्हा त्यांनी हातोडी उंच केली आणि छाती काढून म्हणाले, "सगळ्यांना! आम्ही तांबट!"

डॉक्टरीणबाई मागे टेकल्या. "अच्छा. मग ते आवाजानं गेले." त्यांनी सरळ सांगितलं, की त्यांना एका आजाराची शंका आली होती, घराण्यात चालत येणारा, आतून कान खाणारा. पण दिवसभर ठोके ऐकले तर कुणाचेही कान जातील, त्यावरून काही ठरत नाही. आणि मुलीचा फरक इतका थोडा आहे, की सर्दीनंही असू शकेल. "घरात असं कुणी वयस्कर आहे का, ज्यानं हातोडी धरलीच नाही?"

आम्ही सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. मी प्रश्न बाबांच्या कानात ओरडले, तर त्यांनी नाइलाजानं खरं सांगावं तसं सांगितलं, "ही बघा. घड्याळं दुरुस्त करते. हिचे कान मांजराचे आहेत."

"चट्टे उठतात?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

"उठतात. कान ठणठणीत," आत्या म्हणाली.

"मग घाई नको. काही महिन्यांनी पुन्हा तपासू."

माझा जीव भांड्यात पडला. आम्ही उठलो, दारापर्यंत गेलोही. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "पण हिला कमी ऐकू येतंय हे लक्षात कुणाच्या आलं? एवढासा फरक घरात कळत नाही कुणाला."

"माझ्या," आत्या म्हणाली.

"कसं काय?"

आत्यानं एकदा बाबांकडे बघितलं, त्यांच्या हातोडीकडे बघितलं. मग ठिणगीकडे. आणि ती परत येऊन खुर्चीवर बसली.

"मी हिला घड्याळं ऐकायला देते."

"शिकवायला?"

"नाही. मलाच ऐकू येत नाहीत म्हणून." तिचा आवाज चढला, जसा भांडताना चढतो. "भिंतीवरची येतात. हातातली कधीची गेली. आधी बायकांची गेली, ती बारीक असतात. मग पुरुषांची. माझं दुकान या पोरीच्या कानांवर चाललंय! आणि आज हिनं चालतं घड्याळ बंद सांगितलं. माझंही अस्संच सुरू झालं होतं. काही महिने थांबू नका हो. मी खोटं बोलले."

डॉक्टरीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. "बसा! सगळे बसा!"

आत्याला काचेच्या खोलीत बसवलं. तिचा कागद ठिणगीच्या कागदाशेजारी ठेवला. काय सांगू! रेघेचा उतार तोच, ठिणगीची नुकती पहिली पायरी उतरलेली, आत्याची पार खालपर्यंत गेलेली. डॉक्टरीणबाई दोन्ही कागद हातात घेऊन खोलीत फेऱ्या मारायला लागल्या.

बाबांना यातलं काही कळलं नव्हतं. मी त्यांच्या कानात ओरडले, "आत्याला ऐकू येत नाही!"

ते थबकले. "हिला? हातोडी न धरता?" मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे हातोडीनं नाही! सुटली! माझी हातोडी निर्दोष सुटली!" बाहेरच्या बाकांवरचे लोक दारातून डोकावले. बाबांनी हातोडीचा चक्क मुका घेतला. आणि मग, हळूहळू, त्यांच्या डोक्यात उरलेलं शिरलं. ते बहिणीशेजारी बसले आणि त्यांच्या मते कुजबुजले. सगळ्या मजल्यानं ते ऐकलं.

"अगं, मग रोज माझ्याशी भांडत होतीस, ते काय ऐकून?"

"तुझं ठरलेलंच असतं, दादा. ऐकायला कशाला लागतं?"

मला हसू आणि रडू एकदम फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून चित्र काढलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत पहारेकरी असतात, त्या म्हणाल्या. जन्मतःच मिळालेले, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यातल्या एकाचं नाव एनएलआरपी-थ्री. जंतू घुसला, पेशीला इजा झाली, की त्याला चाहूल लागते आणि तो शिट्टी मारतो: ताप आणा, सूज आणा, सगळ्यांना उठवा! तो आहे म्हणून आपण जंतूंना तोंड देतो. काही जणांच्या सांध्यात युरिक ॲसिडचे बारीक खडे साठतात, त्यांनाही तो चोर समजतो आणि पायाचा अंगठा टम्म सुजवतो. "पण तुमच्या घरात, मला वाटतं, तो घडवतानाच एका ठिकाणी चूक झालीय. चोर नसताना शिट्टी. थंड हवा लागली की जास्तच. चट्टे तेच, लाल डोळे तेच, गुडघे तेच. कानाच्या आतल्या भागातही तीच सूज, वर्षानुवर्षं. पुढे मूत्रपिंडंसुद्धा जातात काही जणांची."

माझे आजोबा अंगावर सूज येऊन, मूत्रपिंडं निकामी होऊन गेले होते. मी ठिणगीचा हात घट्ट धरला.

"गजराचं घड्याळ आहे हे," आत्या एकदम म्हणाली. "कळ झिजली की गजर वाटेल तेव्हा होतो."

"अगदी! अगदी तसंच!"

"मग कळ बदला."

"ती अजून बदलता येत नाही. पण घंटेवर हात ठेवता येतो. शिट्टीचा निरोप पुढे जाऊ न देणारं इंजेक्शन आहे. रोज घ्यावं लागतं."

"आणि कान?"

"गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. हिचं थोडंच गेलंय. बहुतेक थांबेल, काही परतही येईल. तुमचं मात्र..."

"माझं राहू द्या," आत्या म्हणाली. "हिचं बोला."

रक्ताचे नमुने लांब पाठवले. तो काळ आम्ही कसा काढला ते विचारू नका. निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्वतः कारखान्यात फोन केला. चौघांच्याही रक्तात तीच एक चूक, त्याच ठिकाणी! मी अशी किंचाळले की सगळ्या मशिनी थांबल्या.

"लॉटरी लागली का गं?" शेजारणीनं विचारलं.

"आजार निघाला!" मी नाचत म्हणाले. "खरा आजार निघाला! औषध आहे!" तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

पहिलं इंजेक्शन ठिणगीला सकाळी दिलं. संध्याकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात तिच्याभोवती उभे. ऊन गेलं. नवऱ्यानं मुद्दाम खिडकी उघडली, गार हवा आत आली. बाबांनी दिवा जवळ धरला. आत्यानं डोळ्याला भिंग लावून दंड तपासला, जणू पोरीच्या आत कुठे काटे फिरताहेत. काही नाही! नुसती स्वच्छ कातडी. ठिणगी कंटाळून म्हणाली, "मी खेळायला जाऊ?" त्या वेळेला ती कधी उठून बसायचीही नाही. ती पळाली, गुडघे न धरता, दारातून बाहेर, आणि आम्ही चार मोठी माणसं बावळटासारखी तिच्यामागे दारात. सकाळी तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग मला पहिल्यांदा पांढरा दिसला. मी इतकी रडले, की नवरा म्हणाला, "आता मात्र खरंच रडून आल्यासारखी दिसतेस." मी त्याच्याशी लगेच बोलले.

पुढे आम्हा तिघांनाही इंजेक्शनं सुरू झाली. बाबांची तक्रार एवढीच, की चट्टे नाहीत तर संध्याकाळ झाली हे कळणार कसं.

इकडे मास्तरीणबाई दुकानाच्या पायऱ्या झिजवत होत्या. "झालं का माझं घड्याळ?" आत्याचं एकच उत्तर, "एक भाग मिळत नाहीये." त्या तणतणत जायच्या, पुन्हा यायच्या. एकदा मी खण उघडला तर ते घड्याळ आत होतं, काटे पुढे सरकत होते. आत्या रोज सकाळी त्याला किल्ली देत होती.

"आत्या, हे तर दुरुस्त झालंय. देत का नाहीस?"

"पोरीला ऐकू आल्याशिवाय मी ते दुरुस्त मानत नाही," ती म्हणाली. आणि मान खाली घालून कामाला लागली. तिचे स्वतःचे कान होते तसेच राहिले होते, इंजेक्शननं त्यांची घसरण थांबली, एवढंच. ते तिनं आम्हाला एकदाच सांगितलं. पोरीला मात्र ते छोटं घड्याळ तिनं त्या दिवसानंतर कधी लावलं नव्हतं. धीरच होत नव्हता तिला.

मग एक दिवस मास्तरीणबाई हटूनच बसल्या. घड्याळ द्या, नाहीतर मी इथून हलत नाही. बाबा चहाला आले होते, मी ठिणगीला न्यायला. आत्यानं सगळ्यांकडे बघितलं, खण उघडला, आणि ते नखाएवढं घड्याळ ठिणगीच्या कानाला लावलं. या वेळी तिनं भिंग लावलं नाही. ती पोरीच्या तोंडाकडे बघत होती.

ठिणगीनं डोळे मिटले. बाबांनी कप हवेतच धरला होता. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली, मला वाटलं तिला जाऊन ढकलून द्यावं.

"आत्याआजी."

"बोल."

"चालतंय." मग ठिणगीनं कपाळाला आठी घातली. "पण लंगडतंय."

आत्या पोरीवर वाकली. "काय म्हणालीस?"

"लंगडतंय. टिक... टिकटिक... असं."

आत्यानं झपाट्यानं झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं, चाकाचं झुलणं इकडे किती, तिकडे किती, ते बघितलं. खरंच होतं. आत कुठेतरी केसाएवढा फरक राहिला होता. इतके महिने ते घड्याळ खणात लंगडत होतं, आणि ते ओळखायला त्या दुकानात कानच नव्हता. तिनं चिमट्यानं काहीतरी हलवलं आणि घड्याळ पुन्हा पोरीच्या कानाला लावलं.

"सरळ," ठिणगी म्हणाली.

"दादा!" आत्या ओरडली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "ऐकलंस? माझ्या कामात चूक काढली पोरीनं!"

"काय?" बाबा ओरडले.

"लंगडत होतं! तिला कळलं! लंगडत होतं!"

बाबांनी कप आपटला आणि उभे राहून त्याहून मोठ्यानं ओरडले, "लंगडत होतं!" दोघं बहीणभाऊ त्या कपाटाएवढ्या दुकानात एकमेकांचे खांदे धरून ओरडत राहिले आणि समोरच्या दुकानदारांनी बाहेर येऊन बघितलं.

मास्तरीणबाईंनी घड्याळ मनगटावर बांधलं. बिघडलेल्या घड्याळाचा एवढा आनंद करणारं दुकान मी पाहिलं नाही, म्हणाल्या, आणि निघाल्या. ठिणगीनं पुढचं घड्याळ उचलून स्वतःच कानाला लावलं.